मदतनीस नको, संकेतस्थळ दुरुस्त करा : विद्यापीठ प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे मा. संचालक आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

विद्यापीठाचे नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्याबरोबर परीक्षा अर्ज, पुनर्मूल्यांकनाची विनंती, स्थलांतर प्रमाणपत्र, पीएच.डी.चा सहामाही प्रगती अहवाल हे सगळे फक्त ऑनलाइन झाले. खिडकीवर कागदी अर्ज घेणे बंद झाले. नव्या संकेतस्थळावरचा अर्ज स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) भरता येत नाही, अशी तक्रार आम्ही काही दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी रीतसर, लेखी केली. उत्तरादाखल एक परिपत्रक निघाले. त्यातली कामाची ओळ एकच : दिव्यांग विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी मदतनीसाचे साहाय्य घ्यावे.

तक्रार संकेतस्थळाची होती आणि इलाज आम्हाला सांगितला गेला. ही ओळ मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगणारा कागद आवक-जावक नोंदवहीत पडून राहू नये म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. बी.ए. आणि एम.ए. याच विद्यापीठातून केले, आता इतिहासात पीएच.डी. करतो आहे. संगणक मी एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरवर वापरतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तो तयार करायला घेतला. तो मोफत आहे, मराठीही वाचतो. पडद्यावर जे आहे ते तो बोलून दाखवतो आणि माउसशिवाय सगळे काम कीबोर्डवर होते. ‘एच’ दाबले की पानावरच्या पुढच्या शीर्षकावर जातो, ‘टी’ दाबले की तक्त्यावर, ‘एफ’ दाबले की अर्जातल्या पुढच्या रकान्यावर. पान नीट बांधलेले असेल तर लांबलचक अहवालातून हवा तो परिच्छेद मी डोळस मित्राच्या आधी काढून देतो. पैशांचे व्यवहार, तिकिटे, प्रबंधाची प्रकरणे, मार्गदर्शकांशी पत्रव्यवहार हे सगळे मी एकटा करतो. माझ्या स्वतःच्या विद्यापीठाचा अर्ज तेवढा मला भरता येत नाही.

आता त्या मदतनीसाबद्दल. तुमच्या पोर्टलवर अर्ज भरायचा म्हणजे पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) चढवायचे, मागच्या सत्राचे गुण उघडायचे, शेवटी ऑनलाइन शुल्क भरायचे. हे सगळे दुसऱ्याच्या हातात द्या, असे परिपत्रक म्हणते. ओटीपी कोणालाही सांगू नका, अशी सूचना त्याच पोर्टलच्या लॉगिन पानावर आहे. ती आम्हाला लागू नसावी.

मदतनीस म्हणजे तरी कोण? बहुतेक वेळा वर्गमित्र किंवा वसतिगृहातला शेजारी. त्याचीही परीक्षा तीच, अर्जाची शेवटची तारीख तीच आणि सर्व्हर बसण्याची वेळही तीच. त्याचे उरकल्यावर माझे. त्याने घाईत चुकीचा विषय संकेतांक निवडला तर दुरुस्तीसाठी फेऱ्या मी मारायच्या. ज्याला असा मित्र नाही तो बाहेर पैसे मोजून अर्ज भरून घेतो आणि त्याच्या गुणपत्रिकेपासून प्रमाणपत्रापर्यंत सगळ्या फाइली एका अनोळखी संगणकावर राहून जातात. एखाद्या विद्यार्थ्याने मानसिक आजाराचे प्रमाणपत्र जोडले असेल तर? दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत असे अनेक आहेत जे चेहऱ्यावर दिसत नाहीत आणि जे वर्गमित्रांना कळू नयेत असे त्या विद्यार्थ्याला वाटणे अगदी साहजिक आहे.

परीक्षेसाठी लेखनिक घ्यायचा असला की विद्यापीठ त्याचे ओळखपत्र मागते, त्याचे शिक्षण विचारते, त्याचा वेगळा अर्ज घेते. विश्वास ठेवण्याआधी खात्री करून घ्यावी, हे तुम्हाला तिथे बरोबर कळते. इथे मात्र कोणीही चालतो. आणि अर्जाच्या शेवटी एक चौकट असते, तिच्यावर खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही : वरील सर्व माहिती मी स्वतः भरली असून ती खरी आहे. माझ्या वतीने दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर, दुसऱ्यानेच केलेली ती खूण! परिपत्रक काढताना हा अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचला होता का?

आता अडचणी सविस्तर सांगतो, कारण ‘वेबसाइट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर ‘आमच्याकडे चालते’ एवढेच उत्तर मिळते.

पहिली अडचण खुद्द परीक्षा अर्जाची. रकान्याच्या वर किंवा शेजारी त्याचे नाव डोळ्यांना दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ते नाव त्या रकान्याला जोडलेलेच नाही. त्यामुळे माझा स्क्रीन रीडर म्हणतो : एडिट, ब्लँक. पुढे : एडिट, ब्लँक. मग कॉम्बो बॉक्स. मग विषय निवडण्याच्या चौकटी येतात : चेक बॉक्स, नॉट चेक्ड, चेक बॉक्स, नॉट चेक्ड. यातली कोणती इतिहासलेखनशास्त्राची आणि कोणती अर्थशास्त्राची हे ओळखायला ज्योतिषीच हवा. नाव आणि रकाना यांची जोडणी प्रत्येक रकान्यामागे एका ओळीचे काम आहे, ते शिकाऊ वेब डेव्हलपरलाही येते. जन्मतारखेसाठी एक कॅलेंडर उघडते, ते फक्त माउसने चालते आणि रकान्यात तारीख टाइप करायला मनाई आहे. काही चुकले तर तो रकाना लाल होतो आणि वर संदेश येतो : कृपया लाल रंगातील माहिती दुरुस्त करा. मला रंग दिसत नाही. रंगांधळ्या विद्यार्थ्याला बाकी सगळे दिसते, पण हा लाल नेमका कुठला ते कळत नाही. काय चुकले हे शब्दांत सांगायला काय हरकत आहे?

एवढ्यातून वाट काढत असतानाच सेशन संपते आणि भरलेले सगळे पुसले जाते. आधी सूचना नाही, मुदत वाढवून घ्यायची सोय नाही. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता येण्याचे, जगभर मानले जाणारे निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ठरवले आहेत, त्यांना थोडक्यात डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. वेळ संपण्याआधी वापरणाऱ्याला सावध करावे आणि एखादी कळ दाबून मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, हा त्यांतला एक मार्ग आहे. ही अपेक्षा सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ए’ पातळीची आहे. चैन म्हणून मागितलेली नाही.

आणि कॅप्चा. वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र ओळखून टाइप करा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध होईल. चित्राला शब्दांतला पर्याय नाही, ध्वनीचा पर्याय नाही. यंत्रांना अडवण्यासाठी लावलेले हे कुलूप मला हमखास अडवते.

दुसरी अडचण परिपत्रकांची. हिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण अर्ज सत्रातून एकदा येतो आणि परिपत्रके रोज येतात. तुमच्या कार्यालयात काय होते ते मला पक्के ठाऊक आहे. कनिष्ठ लिपिक संगणकावर मजकूर टाइप करतो. तो छापला जातो, अधिकाऱ्यांची सही होते, गोल शिक्का पडतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद स्कॅन होतो आणि पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढतो. या प्रवासात मजकुराचे छायाचित्र होऊन जाते. माझा स्क्रीन रीडर त्या फाइलवर गेला की गप्प बसतो किंवा ‘रिकामा दस्तऐवज’ असे सांगतो. वेळापत्रक, गुणवत्ता यादी, शिष्यवृत्तीची सूचना, सगळे असेच.

चित्रातून अक्षरे ओळखणारे ओसीआर वापरा, असा सल्ला मिळतो. वापरतो. जरा तिरका स्कॅन, सहीवर चढलेला शिक्का, पुसट झालेला टोनर आणि देवनागरी आकडे, यांतून बाहेर येणाऱ्या मजकुरावर परीक्षेची तारीख ठरवायची माझी हिंमत नाही. १ आणि ९ यांची गल्लत एकदा झाली की ११ तारखेची १९ होते.

वाईट याचे वाटते की मूळ फाइल त्या लिपिकाच्या संगणकावर शाबूत असते. तीच पीडीएफ करून सही-शिक्क्याच्या प्रतीशेजारी ठेवली की काम झाले. एक पैसा लागत नाही. अर्थात तीही सगळीकडे उपयोगी पडेल असे नाही, कारण काही विभाग आजही कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांना फक्त मराठी मुखवटा चढवतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे टाइप केले की पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाने साठवलेले असते ते ‘ई, जे, के, बी, एच’ आणि मला ऐकू येते तेही तेच. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मराठीच्या संवर्धनावर व्याख्यानमाला घेणाऱ्या विद्यापीठाचा स्वतःचा मराठी मजकूर यंत्राला मराठी म्हणून ओळखू येत नाही, हे मला दिव्यांगत्वाच्या प्रश्नाहूनही मोठे वाटते. असा मजकूर गुगललाही सापडत नाही. डोळस विद्यार्थीसुद्धा ‘ते परिपत्रक कुठे आहे रे’ म्हणून ग्रुपवर विचारत असतात, ते यामुळेच.

जिथे युनिकोड मराठी आहे तिथे आणखी एक गंमत. पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा इंग्रजी अशी नोंदवली आहे. त्या नोंदीवर विसंबून स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, मग मराठी मजकूर एक तर गाळतो किंवा त्याचे असे काही करतो की ऐकवत नाही. ही दुरुस्ती एका शब्दाची आहे.

तिसरी अडचण माझी नाही, माझ्याबरोबर एम.ए. केलेल्या एका कर्णबधिर मैत्रिणीची आहे. दूरशिक्षणाची व्याख्याने व्हिडिओवर आहेत, त्यांना उपशीर्षके नाहीत. यंत्राने आपोआप तयार केलेली उपशीर्षके जिथे आहेत तिथे ती कोणी तपासलेली नाहीत आणि पारिभाषिक शब्दांची तर त्यांत दैना आहे. अडचण आल्यास संपर्क करा म्हणून जो मार्ग दिला आहे तो फक्त दूरध्वनीचा.

चौथी अडचण हातांनी माउस नीट धरता न येणाऱ्यांची आणि अंधुक दिसणाऱ्यांची. मुख्य मेनू माउस वर नेला तरच उघडतो, कीबोर्डने नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे आहेत. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असा निकष आहे, काळ्यावर पांढऱ्याचे ते २१ : १ असते. वर सरकती बातमीपट्टी, तिच्यावर लुकलुकणारे ‘नवीन’. थांबवायची कळ नाही. ज्यांचे लक्ष सहज विचलित होते त्यांना ही पट्टी खालचे काही वाचू देत नाही. ती कोणालाच आवडत नाही, असा माझा कयास आहे.

पाचवी गोष्ट अडचण म्हणावी की देखावा, ते तुम्हीच ठरवा. पानाच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याच्या तीन कळा आहेत आणि ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचा दुवा आहे. तो उघडला की बाजारात कोणकोणते स्क्रीन रीडर मिळतात याचा तक्ता येतो. म्हणजे ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे म्हणूनच तो त्या पानापर्यंत पोहोचला, त्याला स्क्रीन रीडरची ओळख. आता ऐकतो की कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेली एक तयार पट्टी विकत घ्यायचा प्रस्ताव आहे, जी लावली की संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते म्हणतात. कृपा करून असे काही घेऊ नका. छप्पर गळते म्हणून खाली बादली ठेवण्याचा हा प्रकार आहे. नाव नसलेल्या रकान्याला अशी पट्टी खात्रीने योग्य नाव देऊ शकत नाही, आणि आमच्या स्क्रीन रीडरच्या कामात मात्र अनेकदा लुडबुड करते. अशा पट्टीने कोणतेही संकेतस्थळ डब्ल्यूसीएजीच्या निकषांत बसते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

आणि नॅक, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. संकेतस्थळ दिव्यांगांना वापरण्याजोगे आहे का, स्क्रीन रीडरची सोय आहे का, हे मूल्यांकनात विचारले जाते. आपल्या विद्यापीठाने त्यापुढे ‘होय’ लिहिले आहे. ते मला एका मित्राने वाचून दाखवले, कारण तो अहवालही स्कॅन केलेला आहे.

कायद्याचे थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात असावा असे सांगते. कलम ४६ प्रमाणे, सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, सुगम्यतेचे नियम अधिसूचित झाल्यापासून २ वर्षांत त्याने सेवा त्यांप्रमाणे द्यायला हव्यात. नियम १५ जून २०१७ चे. त्यांत संकेतस्थळे सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असावीत आणि त्यांवरचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफच्या रूपात असावेत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे नुसत्या चित्राची पीडीएफ तेव्हाच बाद झाली होती. पुढे भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचे मानकही आले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांपैकी १५ व्या नियमाला कायद्याशी विसंगत ठरवले. कारण लक्षात घ्या : कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियम तिला शिफारशीच्या सुरात मांडत होता. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण केवायसीचे होते. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा असे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना सांगितले जात होते. त्यांनाही ‘कोणाची तरी मदत घ्या’ म्हणता आले असते. न्यायालयाने प्रक्रिया बदलायला सांगितली.

तोंडी बोलताना कार्यालयातून ज्या सबबी ऐकायला मिळतात त्यांचीही उत्तरे देऊन ठेवतो.

असे विद्यार्थी किती, असा प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्याही आजच्यापेक्षा अरुंद व्याख्येने. उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवा असे याच कायद्याचे कलम ३२ सांगते. त्या जागा भरत नाहीत अशी खंत दरवर्षी व्यक्त होते. प्रवेशाचा अर्जही याच पोर्टलवर आहे हे कोणी लक्षात घेत नाही. शिवाय मोजणीच चुकीच्या जागी सुरू होते. हात मोडलेला विद्यार्थी, मोतीबिंदू झालेले निवृत्त प्राध्यापक, उन्हात उभे राहून मोबाइलवर निकाल पाहणारी मुलगी, या सगळ्यांना ठळक अक्षरे आणि कीबोर्डने चालणारा मेनू हवाच असतो.

निधी नाही, असे सांगतात. संकेतस्थळ नुकतेच नवे बांधून घेतले, तेव्हा निधी होता. निविदेत सुगम्यतेची अट नव्हती, एवढेच झाले. आधी घातलेली अट स्वस्तात पडली असती. आता दुरुस्ती महाग पडेल तर तो निर्णय घेणाऱ्यांचा हिशेब आहे, आमचा नाही.

सगळीकडे असेच आहे, हेही ऐकले. खरे आहे. वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते, त्यांतल्या सुमारे ९५ टक्के पानांत दोष सापडतात. फिकट अक्षरे, वर्णन नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, रिकामे दुवे आणि भाषेची नोंद नसणे हे दोष वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर आहेत. आपल्याकडे हे बहुतेक सगळे आहेत. दिलासा देणारी बाजू अशी की यांतला एकही दोष अवघड नाही.

एक भीती मात्र मलाच आहे, ती आधी बोलून टाकतो. सुगम्य करता येत नाही तर मजकूरच काढून टाका, असा मार्ग तुम्ही निवडाल. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हेच केले. तिथल्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांना नीट उपशीर्षके नाहीत, असे न्याय विभागाने २०१६ मध्ये कळवले. विद्यापीठाने २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक व्याख्याने सार्वजनिक दृष्टीआड केली आणि दोष तक्रारदार कर्णबधिरांच्या माथी आला. प्रकरण तिथे संपले नाहीच, २०२२ मध्ये त्या विद्यापीठाला न्याय विभागाशी लेखी करार करून ऑनलाइन मजकूर सुगम्य करण्याचे बंधन स्वीकारावे लागले. हार्वर्ड आणि एमआयटीनेही कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये दाखल केलेल्या दाव्यांत अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये तडजोड केली आणि उपशीर्षके द्यायचे कबूल केले. आपण थेट त्या शेवटच्या पायरीवरच सुरुवात करू शकतो.

मागण्या अशा :

१. मदतनीसाचे साहाय्य घ्यावे, ही ओळ असलेले परिपत्रक मागे घ्यावे. कोणाला स्वतःहून मदत हवी असेल तर ती विद्यापीठाने नेमलेल्या, गोपनीयतेची जबाबदारी घेतलेल्या कर्मचाऱ्याकडून मिळावी. तशी सोय जरूर करा. पण ती दुरुस्तीच्या जागी नको.

२. परीक्षा अर्ज सुगम्य होईपर्यंत दिव्यांग विद्यार्थ्यांचे अर्ज ईमेलने किंवा खिडकीवर स्वीकारावेत आणि त्यासाठी विलंब शुल्क लावू नये. हे पुढच्या सत्राचे अर्ज सुरू होण्याआधी जाहीर व्हावे.

३. लॉगिन, परीक्षा अर्ज, शुल्क, हॉल तिकीट आणि निकाल ही पाच पाने आधी दुरुस्त करावीत. मुखपृष्ठावरची छायाचित्रे थांबू शकतात.

४. आजपासून प्रत्येक परिपत्रक युनिकोड मजकुराच्या पीडीएफमध्येही प्रसिद्ध व्हावे. यासाठी ठेकेदार लागत नाही, कुलसचिवांचा एक कार्यालयीन आदेश पुरेसा आहे. जुन्यांपैकी चालू शैक्षणिक वर्षातली आधी बदलावीत. या पत्राचे उत्तरही त्याच रूपात द्यावे.

५. संकेतस्थळाच्या ठेकेदाराशी असलेल्या करारात डब्ल्यूसीएजी २.१ ची ‘एए’ (म्हणजे ‘ए’च्या वरची) पातळी आणि आयएस १७८०२ यांची अट लेखी घालावी आणि तपासणीत पास झाल्याशिवाय पुढचे देयक काढू नये. तपासणी म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरने दिलेले गुण नव्हेत. यंत्राला चित्राचे वर्णन आहे की नाही एवढे कळते, ते वर्णन बरोबर आहे का ते कळत नाही. तपासणाऱ्यांत दृष्टिहीन, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि केवळ कीबोर्ड वापरणारे विद्यार्थी असावेत आणि त्यांना त्या कामाचे मानधन मिळावे.

६. व्हिडिओ व्याख्यानांना तपासलेली उपशीर्षके द्यावीत. सुरुवात ज्या विषयांची परीक्षा जवळ आली आहे त्यांपासून.

७. काय सुगम्य आहे, काय नाही, उरलेले कधी होणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे सांगणारे एक पान संकेतस्थळावर असावे. तक्रार निवारण अधिकारी नेमणे सरकारी आस्थापनांना कलम २३ प्रमाणे बंधनकारकच आहे; त्यांचे नाव, ईमेल आणि उत्तराची मुदत तिथे असू द्या. नॅकच्या अहवालातले ते ‘होय’ तोपर्यंत दुरुस्त करावे.

एक विनंती, मागणी नव्हे. व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेण्याआधी सभागृहातल्या संगणकाचा माउस काढून ठेवा आणि सदस्यांपैकी कोणीतरी केवळ टॅब, बाण आणि एंटर या कळांनी परीक्षा अर्जाचे पहिले पान भरून पाहा. पडदा चालूच ठेवा, हवे तर. तेवढ्याने निम्मी चर्चा वाचेल.

वर लिहिलेल्या प्रत्येक दोषाची जागा, पान आणि तो कसा दुरुस्त होईल याची तांत्रिक टिपणी मी वेगळ्या ईमेलने कुलसचिव कार्यालयाकडे आणि संगणक केंद्राकडे आजच पाठवली आहे. संगणक केंद्रातले लोक बोलावतील तेव्हा माझा संगणक घेऊन त्यांच्याशेजारी बसायची माझी तयारी आहे. त्यांच्यापैकी काही जणांनी आजवर नियमात बसत नसतानाही मला मदत केली आहे आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. पुढच्या सत्राचे अर्ज सुरू होईपर्यंत मागणी क्रमांक १ आणि २ वर लेखी निर्णय मिळाला नाही, तर आम्ही काही विद्यार्थी मिळून राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार दाखल करू. तिचा मसुदा तयार आहे.

कळावे,
आपला,
याच विद्यापीठाचा एक संशोधक विद्यार्थी